मदरबोर्ड घेताना रिकाम्या जागा मोजा



गटाचे हिशेब आता वहीतून संगणकात आले आहेत. त्याच संगणकावर मुलं अभ्यास करतात, सभेचे ठराव आणि फोटो तिथेच साठतात. गोदामातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही तिथेच ठेवू, असं आता कुणीतरी म्हणतं. पण सगळं एकत्र ठेवण्यात धोका आहे. मुलांनी उतरवलेल्या खेळाबरोबर व्हायरस आला, तर हिशेबही जातात. चार वेगळे संगणक घ्यावेत, तर तेवढे पैसे नाहीत.

यावर एक उपाय आहे. एकाच दणकट संगणकात चार आभासी संगणक चालवायचे. याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. एका वाड्यात चार बिऱ्हाडं राहतात ना, तसंच हे. छप्पर एक, पण प्रत्येकीची चूल वेगळी आणि कडी वेगळी. घरातल्या जुन्या लॅपटॉपवरून ज्याला त्याला आपापल्या बिऱ्हाडात जाता येतं. यासाठी लागणारी प्रॉक्समॉक्ससारखी प्रणाली फुकट वापरता येते. विंडोज मात्र जितक्या बिऱ्हाडांत घालाल, तितके परवाने घ्यावे लागतात. लिनक्सला तो खर्च नाही.

असा संगणक घ्यायला गेलं, की दुकानात प्रोसेसरचं कौतुक ऐकायला मिळतं. मदरबोर्डबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मदरबोर्ड म्हणजे ज्यावर संगणकाचे सगळे भाग बसतात ती मोठी पाटी. आपल्या वाड्याचं जोतंच म्हणा. भांडीकुंडी पुढे वाढवता येतात, जोतं वाढवता येत नाही. म्हणून त्यावर रिकाम्या जागा किती आहेत, हे आधी मोजायचं.

सुरुवात रॅमपासून करू. हिशेबाच्या विंडोजला ८ जीबी, मुलांच्या लिनक्सला ४, कॅमेऱ्याला ४, कागदपत्रांच्या साठ्याला २ आणि मूळ प्रणालीला २ असं धरलं, तर बेरीज २० जीबी होते. म्हणजे ३२ जीबी घ्यावी. स्वस्त बोर्डावर रॅमच्या दोनच खाचा असतात. १६-१६ च्या दोन पट्ट्या बसवल्या की त्या भरल्या. पुढे वाढवायचं, तर जुन्या पट्ट्या काढून टाकाव्या लागतील. चार खाचांचा बोर्ड घेतला, तर दोन मोकळ्या राहतात. आणखी एक, डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही.

दुसरी गोष्ट डिस्कची. हार्ड डिस्क जिथे जोडतात त्याला सॅटा पोर्ट म्हणतात. साठ्याच्या दोन, कॅमेऱ्याची एक आणि पुढच्यासाठी एक, असे निदान चार हवेत. एम डॉट टू नावाची लहान एसएसडी वेगळ्या खाचेत बसते. पण काही बोर्डांवर ती बसवली की एखादा सॅटा पोर्ट बंद पडतो. हे बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या.

तिसरी गोष्ट पीसीआय एक्सप्रेस स्लॉटची. जादा नेटवर्क कार्ड किंवा जादा डिस्कचं कार्ड यात बसतं. मिनी आयटीएक्स बोर्ड १७ सेंटिमीटर चौरस, त्यावर असा एकच स्लॉट. मायक्रो एटीएक्स साधारण २४.४ सेंटिमीटर चौरस, त्यावर चारपर्यंत स्लॉट. पूर्ण एटीएक्स ३०.५ बाय २४.४ सेंटिमीटर, त्यावर सातपर्यंत. मोठ्या बोर्डाला मोठा डबा लागतो, हेही धरा.

इथे डोळ्यांवर विसंबू नका. स्लॉट लांब दिसतो म्हणून आतली वाट रुंद असेलच असं नाही. सोळा पदरी वाटणाऱ्या स्लॉटला आत चारच पदर जोडलेले असू शकतात. नेटवर्क कार्डाला तेवढे पुरतात, पण ते माहीत असावं. तसंच इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर एफ असतं, त्यात चित्र दाखवायची सोय नसते. मग ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागतं, एक स्लॉट तिथेच जातो आणि कार्ड जाड असेल तर शेजारचाही झाकला जातो.

एखादं कार्ड एकाच बिऱ्हाडाच्या ताब्यात द्यायचं असेल, तर इंटेलमध्ये व्हीटी-डी आणि एएमडीमध्ये आयओएमएमयू ही सोय लागते. ती प्रोसेसरमध्येही हवी आणि बोर्डाच्या बायोसमध्येही हवी.

तर दुकानात जाताना कागदावर पाच प्रश्न लिहून न्या. रॅमच्या खाचा किती, आणि जास्तीत जास्त रॅम किती चालते? सॅटा पोर्ट किती? एम डॉट टू लावल्यावर त्यातले किती उरतात? स्लॉट किती, आणि प्रत्येकाला आत पदर किती? व्हीटी-डी किंवा आयओएमएमयू आहे का? दुकानदाराला उत्तर येत नसेल, तर बोर्डाचं पूर्ण नाव लिहून घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून पुस्तिका उतरवून पाहा. घाई करू नका, पैसा गटाचा आहे.

आणि एक विसरू नका. वाडा एकच असला, की आग लागल्यावर चारही बिऱ्हाडं जातात. म्हणून यूपीएस लावा आणि हिशेबाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, दुसऱ्या मैत्रिणीच्या घरी ठेवा. बोर्ड बिघडला तर नवा आणता येतो, पण गटाचे गेलेले हिशेब कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.