घरासाठी पाच वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प

घरात वाजवायला व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प घ्यायचा, तर ५ वॅट भरपूर झाले. ५० वॅटचा अ‍ॅम्प दहापट मोठा वाजत नाही. कानाला साधारण दुप्पटच वाटतो. शिवाय व्हॉल्व्हचा खरा गोडवा आवाज चढवल्यावर, सूर किंचित फाटू लागला की येतो. ५० वॅटवर तिथवर पोचेपर्यंत सगळी इमारत हादरते.

जुना फेंडर चॅम्प पाहा: सुमारे ५ वॅट, शेवटच्या टप्प्यात एकच ६व्ही६ व्हॉल्व्ह, आठ इंची स्पीकर. १९७०च्या ‘लैला’ अल्बमच्या ध्वनिमुद्रणात एरिक क्लॅप्टनने हाच इवलासा डबा वापरला!

वापरलेला अ‍ॅम्प घेताना तो थोडा वेळ तापू द्यावा. मग गुणगुण किती आहे, नॉब फिरवताना खरखर होते का, ते ऐकावं. अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्टचा असेल, तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. स्पीकर जोडल्याशिवाय मात्र कधीही वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.