शिकारीविना तीनशे पंधरा

नगर जिल्ह्यातल्या जुन्या परवानाधारक घरात बंदुकीऐवजी रायफल निघाली, तर ती बहुधा .३१५ बोअरची असते. नळीच्या बुडाशी कुठे बंगालमधल्या ईशापूर रायफल फॅक्टरीचा शिक्का असतो, कुठे 'बीएसए' ही बर्मिंगहॅमची अक्षरं. बोल्ट मागे ओढून पुढे ढकलला की फौजेत राहून आलेला माणूस लगेच ओळखतो, की ही तर आपली थ्री नॉट थ्री. बोल्ट तोच, मॅगझिनची जागा तीच, नेम धरताना गाल टेकवायचा दस्ताही जवळपास तसाच. मात्र थ्री नॉट थ्रीचं काडतूस हिच्यात चालत नाही, आणि ते चालू नये म्हणूनच ही रायफल जन्माला आली.

इंग्रज सरकारला १८५७ नंतर कायमची धास्ती होती, की लष्करी गोदामातून चोरलेली काडतुसं एखाद्या खासगी बंदुकीत बसली तर काय होईल. म्हणून शिकारीची हत्यारं लष्करी मापाची नसावीत, असं धोरण पडलं. १९०७ च्या सुमारास .४५० बोअरच्या आयातीवर हिंदुस्थानात बंदी आली, तेव्हा वाघ-हत्तींच्या शिकारीसाठी बड्या रायफली घडवणाऱ्या लंडनच्या कारागिरांची पंचाईत झाली. त्यांनी .४६५, .४७० अशी नवी मापं काढून बाजार राखला. मधल्या मापासाठी तोडगा निघाला तो ऑस्ट्रियाकडून. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं मॅनलिखर रायफलीचं ८ मिलिमीटरचं काडतूस इथल्या फौजेच्या कुठल्याच हत्यारात बसत नव्हतं. आठ मिलिमीटर म्हणजे .३१५ इंच. ली-एनफिल्डच्या, म्हणजे थ्री नॉट थ्रीच्याच, यंत्रणेवर या मापाची नळी चढवली आणि हिंदुस्थानची शिकारी रायफल तयार झाली.

साम्राज्य गेलं, मॅनलिखर वापरणारं सैन्यही इतिहासजमा झालं. भीतीचा नियम मात्र स्वतंत्र भारताने जसाच्या तसा उचलला. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर या मापांना 'प्रतिबंधित बोअर' मानतात. त्यांचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत, त्यासाठी दिल्लीच्या गृह मंत्रालयाचं दार वाजवावं लागतं. त्यामुळे जे माप शंभर वर्षांपूर्वी नाइलाजाने निवडलं, तेच आजही सरकारी कारखाना बनवतो. जगात इतरत्र हे काडतूस जवळपास विस्मरणात गेलं असताना भारतात ते नवं कोरं मिळतं.

नगरला या रायफलीचं अप्रूप वाटायला दोन कारणं होती. एक म्हणजे फौज. आर्मर्ड कोअरचं केंद्र, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र, भिंगारचा कँप आणि के. के. रेंजवरचा तोफांचा आवाज यांत हे शहर वाढलं. पारनेर, श्रीगोंद्याकडच्या कितीतरी घरांत निवृत्त सुभेदार-हवालदार आहेत. दुसरं कारण जमिनीचं. कर्जत, श्रीगोंदा, जामखेडचे उघडे माळ म्हणजे काळविटांचा मुलूख. मोकळ्या माळावर काळवीट दुरूनच माणूस ओळखतं, बारा बोअरच्या छऱ्याच्या टप्प्यात येत नाही. त्याला रायफलच लागायची. पश्चिमेला अकोले तालुक्याच्या डोंगरात बिबट्या आणि रानडुक्कर. १९७२ पर्यंत ही शिकार रीतसर चालायची आणि पाहुण्यांसाठी हाका घालणं हा पाटलांच्या मानपानाचा भाग असायचा.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला त्यात काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची फट होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बुजली. १९८० मध्ये कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्य झालं, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड झालं. त्याआधी १९७९ मध्ये माळढोकासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून जे अभयारण्य जाहीर झालं, त्याचा आकार कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होता. गावं, शेतं, बाजारपेठा सगळ्यांसकट! पुढे २०१२ मध्ये ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं.

या अभयारण्यांचा रायफलीशी संबंध काय? वन्यजीव कायद्याचं कलम ३४. अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्र परवानाधारकाने वनखात्याकडे नाव नोंदवायचं, आणि त्या टापूत नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती हवी. कर्जत-श्रीगोंद्याच्या माणसाने रायफल पाहायला जाण्याआधी नकाशा पाहिलेला बरा.

आता खरेदी. जमीन घेताना सातबारा पाहतात, तशी इथे पहिली नजर परवान्यावर जाते. विकणाऱ्याचा परवाना जिवंत आहे का, त्यावर राष्ट्रीय नोंदणीतला 'यूआयएन' क्रमांक चढलाय का, नूतनीकरण कुठे राहिलंय का. परवाने अहमदनगरच्या नावाने निघालेले आणि जिल्हा आता अहिल्यानगर, हा त्यातल्या त्यात सोपा भाग. घेणाऱ्याच्या परवान्यावर रायफल घेण्याची मंजुरी हवी आणि खरेदीची मुदत संपलेली नसावी. दोन परवानाधारकांत थेट व्यवहार असेल, तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि किमान ४५ दिवस थांबायचं. कायद्याने ही मुदत मुद्दाम ठेवली आहे. घाईत विकलेली बंदूक कुणाच्या हाती पडते, याचा अनुभव देशाला पुरेसा आहे.

कागद नीट असण्याचं महत्त्व सलमान खानच्या प्रकरणाने देशभर दाखवून दिलं. १९९८ च्या काळवीट शिकारीबरोबरच मुदत संपलेल्या परवान्याची हत्यारं वापरल्याचा वेगळा खटला त्याच्यावर चालला. त्यातून तो २०१७ मध्ये सुटला, पण त्याला अठरा-एकोणीस वर्षं गेली. खेड्यातल्या साध्या परवानाधारकाला एवढी वर्षं वकील परवडणारा नाही.

कागद जुळले की धातू. बोल्टवरचा आणि यंत्रणेवरचा क्रमांक एकच आहे का, आणि तोच परवान्यावर आहे का, हे आधी. ली-एनफिल्ड घराण्यात हे फार महत्त्वाचं, कारण बोल्ट त्या-त्या रायफलीला घासून बसवलेला असतो. दुसरीचा बोल्ट हिला लावला तर तो सरकतो, बंदही होतो, पण काडतुसाची कड आणि बोल्टचं तोंड यांच्यातली फट बिघडते. फट जास्त झाली की बार उडताना पितळी टोपण मागे फुगतं, कधी चिरतं, आणि गरम वायू थेट नेमबाजाच्या डोळ्यांकडे येतो. ही फट डोळ्याला दिसत नाही, ती गेजनेच मोजावी लागते. गेज नसलेला दुकानदार 'एकदम ओके आहे' म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडावं.

बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहिलं की रायफलीचं सगळं चरित्र कळतं. आटे धारदार आणि चकचकीत असतील तर मालक शिस्तीचा. मध्येच काळी कडी दिसली तर तिथे नळी फुगलेली असण्याची शक्यता, तो सौदा सोडावा. सगळ्यात जास्त आढळतात ते गंजाचे खड्डे, आणि त्यामागचं कारण आळसापेक्षा रसायनाचं आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की त्यातून मिठासारखा क्षार नळीत बसायचा आणि हवेतला ओलावा ओढायचा. तेलाने तो विरघळत नाही. वरून तेल फासलं तर क्षार खाली सुखाने नळी खात राहतो. जुने फौजी नळीतून उकळतं पाणी ओतायचे, मग पुल-थ्रूला चिंधी लावून कोरडी करायचे आणि तेल शेवटी. अडाणी वाटणारी ही पद्धत शास्त्राला धरून होती. ज्या घरात कुणी फौजेत नव्हतं, तिथल्या रायफलीला नुसतं तेल मिळालं आणि नळीची चाळण झाली.

हवामानाचाही हात असतो. घाटघर-रतनवाडीकडे पाऊस कोसळतो, तिथून आलेल्या रायफलीचा दस्ता उतरवून लाकडाखाली लपलेला धातू पाहायचा, कारण वरून चकाचक आणि आत लाल असा प्रकार असतो. जामखेडच्या कोरड्या हवेत धातू टिकतो पण लाकूड आक्रसतं. धक्क्याने यंत्रणेच्या मागे बारीक उभी चीर पडते. चामड्याची म्यान दिसायला राजेशाही, पण ती ओल धरते. म्यानेतच वीस पावसाळे काढलेली रायफल घेताना भाव निम्मा करून बोलावं.

दुरुस्तीत उत्साह कमी असलेला चांगला. दस्त्यावरचा जुना मळ पुसून जवसाचं तेल तळहाताने पातळ-पातळ जिरवायचं, मधे दिवस जाऊ द्यायचे. फर्निचरसारखं पॉलिश मारलं की लाकडात दाबलेले कारखान्याचे शिक्के बुजतात आणि हत्याराची किंमत उतरते. धातूला नवा निळसर रंग चढवण्याआधी घासतात, ते तर आणखी जपून. घासता-घासता क्रमांक पुसट झाला, तर गोष्ट सौंदर्याची राहत नाही. ओळखखुणा मिटवणं हा शस्त्र कायद्याच्या कलम ८ खाली गुन्हा आहे.

नगरच्या एमआयडीसीत लेथवर हजारांश इंचाचं काम करणारे टर्नर आहेत. मोडलेली स्प्रिंग किंवा घसटलेली फायरिंग पिन त्यांना अवघड नाही, आणि मोह नेमका तिथे होतो. पण बंदुकीची दुरुस्ती ही स्वतंत्र परवान्याची बाब आहे. परवाना नसलेल्या कारागिराने पिन बसवली तर तोही अडकतो. काम अधिकृत दुरुस्तीकाराकडेच न्यायचं. मालकाच्या हाती उरते ती साफसफाई, तेलपाणी आणि वाट पाहणं. तयार झालेली रायफल आजमावायची ती मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या रेंजवर. वरातीत बार काढायची हौस असेल तर २०१९ च्या दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही ठेवलं आहे.

परदेशी नावांच्या मोहाचंही असंच. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकासाठी बंदुकांची आयात जवळपास बंद झाली, त्यामुळे आधी आलेल्या माउझर, विंचेस्टर, रिग्बी यांना मोठा भाव आला. जिम कॉर्बेट यांची .२७५ रिग्बी वाचून माहीत असते, तसलीच घरात असावी असं वाटतं. काडतूस कुठून आणणार, हा प्रश्न सौदा झाल्यावर पडतो. .३१५ रुबाबात कमी असेल, पण तिचं २४४ ग्रेनचं मऊ टोकाचं काडतूस देशातच बनतं. काडतुसांच्या बुडावरची 'केएफ' ही अक्षरं पुण्याजवळच्या, १८६९ पासून चालत आलेल्या खडकी कारखान्याची. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातले आयुध कारखाने नव्या सरकारी कंपन्यांत विभागले गेले, पण दुकानात माणूस अजून 'खडकीचा माल' असंच मागतो.

इतकं करून ही रायफल मारणार काय? जवळपास काहीच नाही. बिबटे आहेत, पण ते शिकारीसाठी नाहीत. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरातल्या उसाच्या शेतांत कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे, तेही जंगलाबाहेर, भरवस्तीत. पारनेरच्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेला 'आजोबा' माळशेजला सोडल्यावर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला, त्याच्यावर मराठी चित्रपटही झाला. बिबट्या दिसला म्हणून परवानाधारकाने रायफल उचलायची नसते. माणसावर हल्ले करणाऱ्या बिबट्याला मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षक देतात. डिसेंबर २०२० मध्ये शेजारच्या करमाळा तालुक्यात नरभक्षक ठरलेला बिबट्या अशाच आदेशानंतर डॉ. धवलसिंह मोहिते पाटील यांनी टिपला. रानडुक्कर आणि नीलगायीसाठी २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने शेतकऱ्यांना वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची वाट करून दिली. पण भरवस्तीच्या शेतात लांब पल्ल्याची रायफल चालवणं म्हणजे गोळी कुठे थांबेल याचा भरवसा नाही. त्या कामाला जवळच्या टप्प्याची बारा बोअरच बरी.

तरीही घेणारे घेतात. कुणाला वडिलांची हौस पुढे न्यायची असते, कुणाला यंत्राचं वेड, कुणाला रेंजवरचा नेम. प्रतिष्ठेचा भाग उरतोच, तो नाकारण्यात अर्थ नाही. निवडणूक लागली की पोलीस ठाण्याचा निरोप येतो. छाननी समितीने सूट दिली नाही तर ही प्रतिष्ठा पावती घेऊन जमा करावी लागते आणि निकालानंतर परत आणावी लागते.

२०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवली, वारसाने आलेली धरून. दुनळी, रिव्हॉल्व्हर आणि .३१५ असलेल्या घरांना त्यातलं एक सोडावं लागलं, आणि अनेकदा वापराविना पडलेली रायफलच बाजारात आली. चांगल्या जुन्या रायफली मिळतात त्या अशा घरांतून, नाहीतर वारसांच्या वाटणीतून. शस्त्र नियम २०१६ नुसार परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याच्याकडे हत्यार २५ वर्षं राहिलं, यातलं जे आधी घडेल तेव्हा तो हयातीतच ते वारसाच्या नावे करायला अर्ज करू शकतो. हे बहुतेकांना ठाऊक नसतं. म्हातारा गेल्यावर रायफल कपाटातच राहते, परवाना मेलेल्या माणसाच्या नावे असतो आणि पोरांच्या लक्षात येईपर्यंत तिचा ताबाच बेकायदा झालेला असतो. मग पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करणं, वारसांची संमतीपत्रं, नवा अर्ज, पोलीस चौकशी, आणि मुदतीत काही झालं नाही तर सरकारजमा.

विक्रेत्याकडे अशा जमा झालेल्या रायफलींना चिठ्ठ्या बांधलेल्या असतात. घेणाऱ्याने तिथे आधी चिठ्ठीवरची तारीख वाचावी, बोल्ट नंतर ओढावा.