अस्तेय आणि चित्रफीत

आषाढी एकादशी आली की घरोघरी मोबाईलवर कीर्तने ऐकली जातात आणि आवडलेली चित्रफीत उतरवून घेण्याचा मोह होतो. गतवर्षी आमच्याच निरूपणाचा एक तुकडा कोणी उतरवून, पुढचामागचा संदर्भ छाटून सर्वत्र फिरविला. पूर्वपक्ष तेवढा राहिला, सिद्धांत गळाला! श्रोते आम्हांस जाब विचारू लागले.

अभंग संतांचे, मग मालकी कसली, अशी शंका कोणी घेईल. संतवाणी सर्वांचीच, परंतु १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये सादरीकरणावर कलावंताचा हक्क ५० वर्षे, तर ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचा ६० वर्षे राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने सादरीकरणाच्या विपर्यासास हरकत घेण्याचा अधिकारही कलावंतास मिळाला. खाजगी उपयोगापुरती कायद्यात सवलत आहे. जगभर फिरविणे तीत बसत नाही. शिवाय यूट्यूबने दिलेली सोय सोडून अन्य मार्गाने चित्रफीत उतरविणे, परवानगी नसल्यास, त्याच्या अटींविरुद्ध आहे.

सुरक्षिततेचाही विचार करावा. फुकट उतरवून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांतून व एपीके फाइलींतून घातक प्रणाली मोबाईलमध्ये शिरू शकते आणि बँकेतील पुंजी धोक्यात येते. पैशांची फसगत झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

पतंजलींनी यमांमध्ये अस्तेय सांगितले आहे. परक्या अंगणातील फूल न विचारता तोडून देवास वाहू नये, हे आपण मुलांना शिकवितोच. कीर्तनही पुष्पच होय. वाचकहो, विचारून घ्यावे, कर्त्याच्या नावासह द्यावे आणि द्यावयाचे तर संपूर्ण द्यावे.