निळा ठिपका का भरकटतो?

लोअर परळच्या टॉवरांमध्ये उभे राहा. मोबाइलवरचा निळा ठिपका तुम्हाला खुशाल पलीकडच्या रस्त्यावर नेऊन ठेवतो. दोष भिंतींचा. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या जीपीएस उपग्रहाचा संदेश काचांवर आपटून, वळसा घेत येतो. या लहरी एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर कापतात. १०० नॅनोसेकंद उशीर झाला, की अंतराच्या हिशेबात ३० मीटर वाढलेच! मग फोन आसपासच्या वायफायवरूनही ठावठिकाणा ताडतो.

हा गोंधळ अभ्यासायला गल्लोगल्ली हिंडावेच लागते असे नाही. संगणकात इमारतींची त्रिमितीय प्रतिकृती उभारून एकेका किरणाचा मार्ग मोजतात: कॅरमचा स्ट्रायकर कडेला आपटून कुठे जाईल, तसा. प्रतिकृतीत नवा टॉवर राहून गेला, तर उत्तर चुकणारच.

ठिपका उड्या मारू लागला, तर सरळ पानवाल्याला विचारा.