‘ढ’ म्हणण्यापूर्वी

आपल्या संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी बाजार, कर, गोदामे आणि वाहतूक या विषयांवर जाणकारांचे लेख येत असतात. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य बेळगावच्या रविवार पेठेत धान्याच्या पोत्यांत गेले. शिक्षण म्हणावे तर एस. एस. एल. सी.पर्यंत. अशा माणसाने मुलांच्या अभ्यासाविषयी लिहावे हे धारिष्ट्यच होय. तथापि जे स्वतःच्या घरात घडले, ते सांगण्यास पदवीची आवश्यकता नसावी, या समजुतीने लेखणी उचलली आहे.

माझा धाकटा बंधू लहानपणी अत्यंत चुणचुणीत होता. जोंधळ्याची मूठ तळहातावर घेऊन माल ओला की वाळलेला, नवा की जुना, हे तो दहाव्या वर्षी सांगे. शंभर पोत्यांचा हिशेब तोंडी करी. पण पुस्तक हाती आले की त्याची वाचा बसे. गुरुजींनी छड्या मारल्या, वडिलांनी कान पिळले. सहावीत दोनदा बसल्यावर, 1975 च्या सुमारास, ‘याच्या नशिबी विद्या नाही’ असा निकाल देऊन त्याला पेढीवर बसविण्यात आले. व्यापारी घराला हा मार्ग नेहमीच मोकळा असतो, आणि धोका आहे तो त्यातच. नोकरदाराचा मुलगा नापास झाला तर बाप धास्तावतो व कारण शोधू लागतो. आपण ‘दुकान आहेच’ म्हणतो आणि कारण शोधण्याचा प्रश्नच मिटवून टाकतो. बंधूने पेढी उत्तम सांभाळली. मात्र काही लिहिण्याची वेळ आली की चष्मा घरी राहिल्याचे सांगे. एकदा त्याने लिहिलेल्या बिल्टीवर ‘निपाणी’ऐवजी ‘निणापी’ हा शब्द मी वाचला आणि चार हमालांदेखत हसलो. ते हसणे आज मला टोचते.

हे सारे आठवण्यास कारण झाला माझा नातू. तो तिसरीत असता रोज संध्याकाळी आजीजवळ बसून धडा घडाघडा वाची. एके दिवशी त्याच्या हातून दोन पाने एकदम उलटली गेली, तरी त्याचे वाचन मधल्याच पानाचे चालू राहिले! मूल वाचत नव्हते, पाठ म्हणत होते. आजीने ओळीच्या मधल्या एका साध्या शब्दावर बोट ठेवले तेव्हा तो गप्प झाला, आणि थोड्या वेळाने पोटात दुखते म्हणून उठून गेला. ते पोटदुखणे दर सोमवारी सकाळी का येत असे, याचा उलगडा आम्हाला त्या दिवशी झाला.

शाळेतून निरोप होता की मुलाचे लक्ष नसते. घरातील तरुण मंडळींनी मोबाईलला दोष दिला. मी म्हणालो, भाषांचा भार झाला आहे. माझे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. 1956 साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हापासून आपल्या भागातील मुले घरी मराठी, रस्त्यावर कन्नड आणि आता शाळेत इंग्रजी अशा तीन प्रवाहांत पोहत आहेत. जे मूल इंग्रजीत अडते, पण मराठी पाटी सहज वाचते, त्याला बहुधा नव्या भाषेची सवय कमी असते. वेळ व शिकवणी मिळाली की ते मार्गी लागते. उलट जे मूल बाळबोधीत काना-मात्रा गाळते, कन्नडची ओत्तक्षरे विसरते आणि इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने ठोकते, म्हणजे ज्याला शिकविलेल्या प्रत्येक लिपीत तीच अडचण येते, त्याचा दोष भाषांच्या संख्येवर ढकलता येत नाही. आमच्या नातवाचे असेच होते. सीमेवर राहणाऱ्या पालकांनी ही एक गोष्ट तरी अवश्य पारखून पाहावी.

हा प्रकार नवा नाही. इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन नामक वैद्यांनी 1896 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, गणितात चांगला, दृष्टी निर्दोष. अनेक वर्षे शिकवूनही त्याला वाचता येईना. स्वतःचे नाव लिहिताना तो त्यातील अक्षरांची अदलाबदल करी. सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. हे वाचले तेव्हा मला ‘निणापी’ आठवले. या अडचणीला आज डिस्लेक्सिया म्हणतात. लिहिण्यातील अडचणीला डिस्ग्राफिया आणि आकडेमोडीतील अडचणीला डिस्कॅल्क्युलिया अशी नावे आहेत. त्या बहुधा घराण्यात चालत येतात. पालकांच्या लाडामुळे वा मुलाच्या आळसामुळे उद्भवत नाहीत. 2007 साली ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला तेव्हा आपण सर्वांनी सहकुटुंब डोळे पुसले. परंतु आपल्याच ओसरीवर कोण बसले आहे, हे पाहण्याचे सुचले नाही.

मग तपासणीचा विचार कधी करावा? तोंडी विचारले असता मूल उत्तम उत्तर देते आणि त्याच प्रश्नापुढे उत्तरपत्रिका कोरी ठेवते, ही तफावत माझ्या मते सर्वांत बोलकी खूण आहे. फळ्यावरचे उतरवताना ओळी गळतात. काल आलेला शब्द आज पुन्हा अनोळखी होतो. पाढे कितीही घोकले तरी टिकत नाहीत. हातच्याचा आकडा भलत्या घरात जातो. लहानपणी उशिरा बोलू लागणे, यमक न जुळणे, याही गोष्टी आठवून पाहाव्यात. मात्र पहिली-दुसरीतील मूल एखादे अक्षर उलटे काढते म्हणून घाबरू नये. त्या वयात पुष्कळ मुले तसे करतात. एखादी खूण आठवडाभर दिसली तर तीही सोडून द्यावी. चांगले शिकवूनही सहा महिने तीच अडचण कायम राहिली, तर थांबू नये.

तपासणीचा क्रम अनुभवाने सांगतो. प्रथम डोळे आणि कान. वाहणाऱ्या कानाने ऐकू कमी येते आणि बिचारे मूल मंद ठरते. नंतर वर्गशिक्षकांशी शांतपणे बोलावे, जुन्या वह्या जपून ठेवाव्यात, आणि मग बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने मानसशास्त्रज्ञांकडे जावे. बेळगावात वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली रुग्णालये आहेत. तेथील बालरोग विभागात चौकशी करावी. बंगळूरची निम्हान्स ही संस्था तर या कामात प्रसिद्धच आहे. तेथे तयार झालेल्या चाचण्या अन्यत्रही वापरल्या जातात. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडते हे खरे; पण प्रमाणपत्र हवे असल्यास राहत्या जिल्ह्यातील अधिकृत वैद्यकीय मंडळाचे नियम आधी विचारावेत, म्हणजे सीमेपलीकडची धावपळ वाया जात नाही.

तपासणीत सुई नाही, यंत्र नाही. दोन-तीन बैठकांत बुद्धीची एक चाचणी होते, आणि वाचन, लेखन व गणित यांच्या निराळ्या. बुद्धी आणि वाचन यांतील अंतर किती, हे त्यातून कळते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न असा की, चाचणी कोणत्या भाषेत घेणार? मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ नावाची चाचणी 2015 साली उपलब्ध झाली. ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चारही भाषांत आहे. आपल्या सीमाभागासाठीच केली असावी असे वाटावे! मूल जी भाषा शिकले आहे तिच्यातच त्याची परीक्षा व्हावी, असा आग्रह पालकांनी धरावा.

कायदाही आता पाठीशी आहे. महाराष्ट्रात अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या त्या 1996 पासून. पुढे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन-अक्षमतेचा समावेश देशभर केला. मुलातील ही अडचण लवकरात लवकर ओळखणे हे शाळांचे कर्तव्य म्हणून त्यात नमूद आहे. 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रमाणपत्र आठ वर्षांनंतर मिळत असे, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी होत असे. पण मदत सुरू करण्यास प्रमाणपत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. औषधाने हे बरे होते असे कोणी सांगितल्यास त्यास नमस्कार करून उठावे. उपयोग होतो तो ध्वनी आणि अक्षर यांची सांगड टप्प्याटप्प्याने घालणाऱ्या नियमित शिकवणीचा. ती दीर्घकाळ चालते. आमच्याकडे दीड वर्ष चालू आहे. नातू आता हळू वाचतो, पण खरे वाचतो.

एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. अहवाल घरी आला तेव्हा तो कपाटात ठेवावा, असे घरातील वडील बायकांचे मत पडले. मुलाची थोरली बहीण लग्नाची आहे, चार ठिकाणी बोलणी होतील, उगाच नाव नको. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. आपल्या समाजात असे बोलले जाते, आणि बोलणारे आपणच असतो. दोन दिवस तो कागद तिजोरीत राहिला. तिसऱ्या दिवशी नातवाच्या आईने तिजोरीची किल्ली माझ्याकडे मागितली, प्रत काढली आणि शाळेत नेऊन दिली.

त्या रात्री दुकान बंद करताना बंधूने तो अहवाल आपल्याला वाचून दाखविण्यास सांगितले. मी मराठीत अर्थ सांगत सर्व पाने वाचली. तो पोत्यावर बसून ऐकत होता. बुद्धी वयाच्या मानाने उत्तम असून वाचनात मात्र विशेष अडचण आहे, असे जेथे लिहिले होते, तो भाग त्याने मला पुन्हा वाचावयास लावला.