उलटं कोरा, सुलटं वाचा!

एक बटाटा घ्या. आईबाबांकडून तो मधोमध कापून घ्या. कापलेल्या बाजूवर पेनानं ‘क’ काढा आणि ‘क’ सोडून आजूबाजूचा भाग त्यांनाच कोरायला सांगा. आता त्याला रंग लावून कागदावर दाबा. अरेच्चा! ‘क’ तोंड फिरवून बसला की!

ठशाची गंमत हीच. लाकडाचा असो की धातूचा, कागदावर सुलटं हवं तर ठशावर उलटं कोरायचं.

आता अशाच उलट्या-सुलट्या अक्षरांची एक जुनी गोष्ट. तंजावर आहे तमिळनाडूत, पण तिथं एकेकाळी राज्य होतं मराठी भोसल्यांचं. त्यांतले सरफोजीराजे म्हणजे पुस्तकांचे भलते वेडे! १८०३ साली त्यांनी आपल्या घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. तिथं अक्षरं सुलटीच होती, कारण दगड थेट वाचायचा असतो. मग १८०५ साली राजांनी छापखाना काढला आणि तिथल्या ठशांवर अक्षरं उलटी झाली! पुढच्याच वर्षी तिथं ‘बालबोध मुक्तावली’ छापून निघाली. त्यात काय होतं? इसापच्या गोष्टी, चक्क मराठीत! म्हणजे सव्वादोनशे वर्षांपूर्वी, इतक्या दूर, कुणीतरी तुमच्याएवढ्या मुलांसाठी मराठी पुस्तक छापत होतं. मला तर याचं फार अप्रूप वाटतं.

त्याच काळात तिकडं जपानमध्ये होकुसाई नावाचा चित्रकार होता. लहानपणी तो लाकडी ठसे कोरायला शिकला होता. त्याची ती प्रचंड निळी लाट पाहिली आहे ना? ती १८३१च्या सुमाराची, लाकडी ठशांनी छापलेली. पण एवढं चित्र उलटं कोरायचं कसं? जपानी कारागिरांची युक्ती ऐका. पातळ कागदावर चित्र काढायचं, कागद पालथा करून चेरीच्या लाकडावर चिकटवायचा आणि त्यावरूनच कोरायचं. चित्र आपोआप उलटं! शिवाय रंगांसाठी ठसे वेगवेगळे. एकच कागद एकेका ठशावर ठेवायचा, आणि तोही नेमक्या जागी, केसभरही न चुकता.

आता तुमची पाळी. आपली मुळाक्षरं एकेक करून आरशासमोर धरा. बहुतेक सगळी उलटी दिसतील, पण एक अक्षर जवळजवळ तसंच राहील. शोधा बरं! ‘ठसा’ या शब्दातच ते लपलंय.