आधार खांद्यांचा नव्हे, पट्ट्याचा

ब्राचे मुख्य काम स्तनांचे वजन पेलण्याचे. स्तनात स्वतःचा स्नायू नसतो. दूधग्रंथी, चरबी आणि त्यांना सावरणारे तंतुमय बंध एवढेच असतात. जिना उतरताना किंवा धावताना हे वजन वर-खाली, आजूबाजूला आणि पुढे-मागे हलते. ते तोलून धरते ती छातीभोवतीची खालची पट्टी. खांद्यांवरचे बंद असतात ते कप जागेवर राहावेत यापुरतेच. म्हणून खांद्यांवर वळ उठत असतील, तर बंदांबरोबर खालचा पट्टाही तपासावा. तो सैल असला की सगळा भार बंदांवर येतो, आणि बंद जितके आवळावेत तितके ते रुततात.

पूर्वी चोळी अंगाच्या मापाने शिवली जाई आणि पुढची गाठ जिची तिला हवी तशी घट्ट किंवा सैल बांधता येई. तयार ब्रा आल्यावर शरीर ठरावीक मापांत बसवणे भाग पडले. अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब यांना ब्राचे पेटंट १९१४ मध्ये मिळाले. कपांना ए, बी, सी, डी ही अक्षरे मिळाली ती १९३०च्या दशकात. आजही दुकानात दबक्या आवाजात नुसते ‘चौतीस द्या’ म्हटले जाते आणि अक्षर राहूनच जाते. खरे तर आकडा पट्ट्याचा असतो, अक्षर कपाचे. एकाशिवाय दुसरे अपुरे.

माप घरी घेता येते. शिवणकामाची टेप स्तनांच्या लगेच खाली, जमिनीला समांतर आणि अंगाला चिकटून धरावी. हा आकडा पट्ट्याचा. तो विषम आला तर लगतचा सम आकडा घालून पाहावा. मग स्तनांच्या सर्वांत भरल्या भागावरून टेप सैलसर फिरवून दुसरे माप घ्यावे. दोन्हींत साधारण १ इंचाचा फरक असेल तर कप ए, २ इंचांचा बी, ३ इंचांचा सी आणि ४ इंचांचा डी. खालचे माप ३४ आणि वरचे ३६ असेल, तर ३४ बी. काही कंपन्या मात्र खालच्या मापात काही इंच मिळवून पट्ट्याचा आकडा ठरवतात. त्यामुळे त्या-त्या कंपनीचा तक्ता पाहिल्याशिवाय खरेदी करू नये.

कपाचे अक्षर पट्ट्याच्या आकड्याबरोबर बदलते. ३२ सी, ३४ बी आणि ३६ ए या तिन्हींच्या कपात जवळपास सारखीच जागा असते. ३४ बीचा कप नीट बसतो पण पट्टा सैल वाटतो, तेव्हा ३२ बी नव्हे, ३२ सी मागावी.

शेवटचा निर्णय अंगावर घालूनच होतो. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर नीट बसली पाहिजे; इलॅस्टिक सैलावत गेले की आतले हुक कामी येतात. पट्ट्याखाली दोन बोटे जावीत, मूठ नव्हे. आरशात बाजूने पाहिले तर पट्टा पुढे-मागे एका रेषेत दिसावा. पाठीकडून तो वर चढत असेल तर तो सैल आहे. कपाच्या कडेवरून किंवा काखेतून स्तन बाहेर येत असेल तर कप लहान. कापडाला चुण्या पडत असतील तर मोठा किंवा स्तनाच्या घडणीला न जुळणारा. तार असल्यास ती स्तनाच्या कडेने फिरावी, स्तनावर टेकू नये. हात वर करून, वाकून आणि खोल श्वास घेऊन पाहावे. दोन स्तनांत थोडा फरक असणे स्वाभाविक आहे. माप मोठ्या बाजूचे धरावे.

वजन बदलले, गर्भारपण आले, पाळी थांबली की माप पुन्हा घ्यावे. अंगावर पाजणाऱ्या आईने आवळणारी ब्रा टाळावी. सततच्या दाबाने दूध साकळून गाठ धरू शकते. व्यायामासाठी हालचाल आवरणारी वेगळी ब्रा लागते. ब्रामुळे स्तनांचा कर्करोग होतो ही समजूत निराधार आहे. नवी गाठ किंवा स्तनाग्रातून रक्तस्राव दिसला, तर मात्र ब्राला दोष देत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत घाम शोषणारे सुती कापड सोयीचे. स्तनांखालच्या घडीत ओल राहिली की पुरळ उठते, बुरशी धरते. दोरीवर ब्रा टॉवेलखाली लपवून वाळत घालण्याची सवय इथेच नडते: वरून कोरडी लागणारी ब्रा शिवणीत ओलसर राहते. ती मोकळ्या हवेत, सावलीत वाळवावी. धुताना हुक लावून, साध्या पाण्यात हाताने धुवावी आणि पिळू नये. एकच ब्रा रोज न वापरता दोन-तीन आलटून-पालटून घातल्या तर इलॅस्टिक जास्त टिकते. सर्वांत आतल्या हुकावरही पट्टा सैल लागू लागला, की ती ब्रा बदलावी.